नसलेल्या गॅसचा वास

आमच्या ओळीतली सहा घरं, म्हणजे लहानथोर धरून सव्वीस माणसं, एका जानेवारीत रात्री दोन वाजता नाकातोंडाला ओले टॉवेल बांधून गच्चीवर उभी होती, आणि ती माझ्यामुळे उभी होती. हे आधीच कबूल करून टाकतो. बडोद्यात हरणीकडच्या आमच्या सोसायटीत आजही कुणाकडे पाहुणे आले की हा किस्सा निघतो, आणि दर वेळी माणसांचा आकडा चार-पाचांनी वाढतो.

तेव्हा मी नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होतो. नव्वदीतली मधली वर्षं. जिकडेतिकडे नवं काहीतरी येत होतं, घरात केबल आणि कारखान्यात नवे प्लांट. आमच्या प्लांटवर क्लोरीन वापरत. क्लोरीनवरच्या माणसाकडून पहिल्या दिवसापासून चार गोष्टी घोकून घेतात. वास आला की ओलं फडकं नाकाला लाव. वारा कुठून येतोय ते बघ. वाऱ्याला आडवा चाल. आणि खाली उतरू नको, वर चढ, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाला साचतो. बारा वर्षं मी हे म्हणत होतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, आणि नेमकं तेच झालं.

त्या रात्री दचकून जागा झालो तेव्हा घसा आवळलेला होता. छातीत धडधड, हातापायांची बोटं गार, त्यांना मुंग्या, आणि नाकात चक्क क्लोरीन. आपल्याला काही होतंय असा विचार माझ्या मनात आलाच नाही. मनात आलं, लीक. बायको उठून बसली. "अहो, काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "टॉवेल भिजव. पोरीला उचल. वर चल." पाच मिनिटांत आई, आबा, बायको आणि पाच वर्षांची पोर गच्चीवर होती. एवढ्यावर थांबलो असतो तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण ऑपरेटर आधी स्वतः पळत नाही, बाकीच्यांना काढतो. आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे ओळीतल्या घरांच्या, गच्च्या एकमेकींना लागून आहेत. मी कठडे ओलांडत गेलो आणि प्रत्येकाच्या जिन्याचं दार बडवलं.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, होऊन आठच दिवस झाले होते. अँटेनांना फाटके पतंग लटकलेले होते, त्यांच्या शेपट्या बघून मी वारा ठरवला आणि सगळ्यांना पूर्वेकडे सरकवलं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एक प्रश्न विचारला नाही. ते शेवटच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून माणसं मोजत होते. शेजारचे काका टॉवेल बाजूला करून हळूच म्हणाले, "भाई, मने तो कंई वास नथी आवती." त्यावर आबांनी त्यांना सुनावलं, "माझ्या पोराचं नाक आहे ते. चुकायचं नाही."

चुकलं होतं. शेजारच्या घरी फोन होता, त्यावरून मी आमच्या कंट्रोल रूमला फोन लावला. ड्युटीवरच्या माणसाने आवाज ओळखला. "बधुं नॉर्मल छे. केम, घेर पण ड्युटी?" सगळं नॉर्मल म्हटल्यावर मी हसलो आणि फोन ठेवला. तोवर छाती जागेवर आली होती, वासही गेला होता. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना आल्याचा चहा केला, पोरांनी थोडा दंगा केला आणि लोक खुशीत झोपायला गेले. मला मात्र झोप आली नाही.

सकाळी बायको कणीक मळताना म्हणाली, "नंदेसरीहून इथवर गॅस आला असता, तर मधल्या अर्ध्या बडोद्याचं काय झालं असतं?" ती शाळेत सायन्स शिकवते. तिचं माहेर संस्थानातल्या कारकून-शास्त्र्यांचं. त्या घरात भांडणसुद्धा मुद्देसूद होतं. मला इतका राग आला की मी डबा न घेता गेलो. राग यायचं कारण उघड होतं, ती बरोबर बोलत होती.

मग ते आठवड्यातून एकदा होऊ लागलं, मग दोनदा. लोकांना पुन्हा उठवायची सोय नव्हती, म्हणून मी प्लांटवरून अमोनियाची छोटी बाटली आणली. क्लोरीन कुठून गळतोय हे शोधायला काडीला कापसाचा बोळा लावतात, तो अमोनियात बुडवून पाइपाजवळून फिरवतात, गळत असेल तिथे पांढरा धूर होतो. मी तो बोळा घेऊन रात्री घरभर फिरायचो. स्वयंपाकघर, मोरी, देव्हारा, धान्याचे डबे. धूर कुठेच व्हायचा नाही, अमोनियाने मात्र सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. आई अंथरुणातून म्हणायची, "देवापुढे नको रे फिरवूस ते मुताच्या वासाचं."

गंमत म्हणजे प्लांटवर मला हे कधीच झालं नाही. रात्रपाळीत मी खुशाल असायचो. तिथे नाकाला काम होतं. घरी येऊन डोळा लागला की दीड-दोन तासांत घसा आवळायचा. बायकोने माझा ईसीजी काढवला, रक्त तपासवलं, सगळं चांगलं निघालं. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली आणि चार दिवस हवापालट करा म्हणाले. आम्ही डाकोरला जाऊन आलो. तिथे धर्मशाळेतही रात्री दोनला क्लोरीन हजर.

गच्चीवरच्या त्या पहिल्या रात्रीच्या तीन महिने आधी खरंच एक लीक झालं होतं, तेही माझ्या पाळीत. एक गॅस्केट गेलं, मी मास्क चढवून आत गेलो, व्हॉल्व्ह बंद केला, बाहेर आलो, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. कंपनीने प्रशस्तिपत्र दिलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. प्रशस्तिपत्र आबांनी स्वतः काच लावून आणलं. माझे पणजोबा सरकारच्या पागेत होते. संस्थान गेलं, पागा गेली, घोडे कुठे गेले देवाला ठाऊक, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा घरात ताठा शाबूत होता. आबा शाळेत ड्रिलचे मास्तर होते, रिटायर झाल्यावरही सकाळी तालमीत जात. पागेनंतर आमच्या घरात मर्दुमकी म्हणावी असं काही घडलंच नव्हतं. ते त्या व्हॉल्व्हने घडवलं. आबा तालमीत, भाजीवाल्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगत, "आत गेला आणि बंद करून आला." अशा माणसाच्या मुलाने रात्री उठून मोरीत गॅस शोधायचा, म्हणजे काय ते समजून घ्या.

घरात मला बरं करण्यावर एकमत होतं. कसं, यावर नव्हतं.

आईचं म्हणणं, नजर लागली आहे. एवढं कौतुक झाल्यावर दुसरं काय होणार? तिने एका संध्याकाळी मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या माझ्यावरून उतरल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. नियम असा की ठसका आला नाही तर नजर होती, ठसका आला तर नव्हती. ज्या माणसाला नाकात गॅस जाण्याची धास्ती, त्याच्यासमोर बंद खोलीत सात मिरच्या जाळल्या. मी दोन ढांगांत गच्चीवर. मागोमाग सगळं घर खोकत वर आलं. आई सगळ्यात शेवटी आली, डोळे पुसत म्हणाली, "नजर नाहीये मग," आणि तिचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. रोगाचं एक साधं कारण तिच्या हातून गेलं होतं. तरीही पुढे वर्षभर ती दर शनिवारी नुसतं मीठ उतरून पाण्यात टाकत राहिली. शेजारच्या काकांचं ठाम मत ऍसिडिटी. "गभरामण थाय एटले पेट ज होय," जीव घाबरला की दोष पोटाचाच, असं म्हणून ते ओवा आणि इसबगोल आणून द्यायचे, आणि मी तेही घ्यायचो. मी काय काय घेतलं नाही! नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि माझं तर रोज रात्री दाबलं जात होतं.

आबांचं म्हणणं, शरीर सैल पडलं आहे. "भीती दमलेल्या अंगात शिरत नाही," हा त्यांचा सिद्धांत. मी दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी यायचो, दोनला घसा आवळायचा, तीनला डोळा लागायचा आणि साडेचारला आबा पांघरूण ओढायचे. चाळीस जोर, साठ बैठका, मग तेल, मग बदाम घातलेलं दूध. माझं वजन वाढलं, दंड भरले, आणि रात्री दोनला मी अधिक ताकदीने घाबरू लागलो.

बायकोचं म्हणणं पहिल्यापासून एकच. हा डॉक्टरचा आजार आहे आणि त्याचा डॉक्टर वेगळा असतो. तिने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं होतं, माझ्यासारख्याच कुणाची तरी लक्षणं त्यात ओळीने लिहिलेली होती. सयाजीगंजात एक डॉक्टरबाई आहेत, असं तिने शोधूनही काढलं. जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा आबांनी ताट बाजूला सारलं. "आमच्या घराण्यात गोळी छातीवर घेतात, सूनबाई. जिभेवर नाही. त्या गोळ्यांनी माणूस मेंढरू होतो." बायको म्हणाली, "आबा, तुम्ही बीपीची घेता ती कुठे ठेवता? छातीवर?" आबांना हसू आलं होतं, मिशीखाली दिसलं मला, पण ते उठून गेले.

खरं सांगायचं तर मला आबांची बाजू सोयीची होती. सयाजीगंजातल्या त्या दवाखान्याचा जिना रस्त्यावरच उघडत होता, आणि समोरच आमच्या कंपनीच्या बसचा थांबा होता. पाटीवर गुजरातीत मोठ्या अक्षरांत 'मगजना रोगो', मेंदूचे रोग. मी त्या जिन्याला लागलो तर संध्याकाळच्या बसमधले पन्नास जण बघणार, आणि सकाळपर्यंत ते सेफ्टी ऑफिसरच्या कानावर जाणार. ज्याला नसलेल्या गॅसचा वास येतो, त्याच्या हातात व्हॉल्व्ह कोण देईल? मीसुद्धा दिला नसता. मला गेटवर बसवतील किंवा स्टोअरमध्ये ढकलतील, आणि मग आबा तालमीत काय सांगतील, हा विचार करून मी गप्प राहायचो. बायको विचारायची, मी "बघू" म्हणायचो. सहा महिने हे 'बघू' चाललं.

एका रात्री मला काही झालं नव्हतं, नुसता पाणी प्यायला उठलो होतो. पोरीच्या उशाशी काहीतरी ओलं हाताला लागलं. तिचा शाळेचा रुमाल, पाण्यात भिजवून, नीट चौकोनी घडी घालून ठेवलेला. उशीचा अभ्रा भिजला होता. सकाळी बायकोने तिला विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "मी रोज ठेवते. बाबांनी उठवलं की वेळ जायला नको ना." मी समोर दाढी करत होतो. वस्तरा खाली ठेवला.

पोर शाळेत गेल्यावर बायको माझ्यावर ओरडली. ती कधी ओरडत नाही, म्हणून ते आईआबांच्या खोलीपर्यंत गेलं. "तुम्हाला आजार झालाय, त्याची लाज नाही वाटत मला. पण तुम्ही तिला भीती शिकवताय आणि मी बघत बसलेय, त्याची वाटते. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. आबांना काय वाटायचं ते वाटू दे. मला आता बघू नकोय." बसची वेळ झाली म्हणून निघालो, हेही किती सोयीचं! बाहेरच्या खोलीत आबा वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. मी बरा झालो. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, मेंढरू झालो नाही, मग डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करत बंद केल्या. पहिल्या महिन्यात तोंड कोरडं पडायचं आणि बसमध्ये पेंगायचो, तेवढंच. कंपनीत मी स्वतः जाऊन सांगितलं. सेफ्टी ऑफिसरने चष्मा काढून बराच वेळ पुसला, मग मला आठ महिने ट्रेनिंगला लावलं, नवीन पोरांना लीकबद्दल शिकवायला. त्यांच्या मते घाबरणारा माणूस हे काम चांगलं करतो. नंतर पुन्हा प्लांटवर घेतलं. डॉक्टरबाई गोळ्यांबरोबर श्वासाचा व्यायामही शिकवायच्या आणि आपल्याला काय वाटतं ते बोलायला लावायच्या, ते मला गोळ्यांपेक्षा कडू लागायचं. "तुमचा सेन्सर खोटा वाजतो, त्याला कॅलिब्रेट करायचंय," असंही एकदा म्हणाल्या. पेशंटच्या धंद्यातली उपमा द्यायची डॉक्टरांना फार हौस असते. बैठका मी आजही काढतो. कशाने बरा झालो यावर घरात मतभेद होते ते तसेच राहिले, आणि प्रत्येकजण यश आपल्याकडे घेऊन खुशीत आहे. अजूनही वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या रात्री घसा आवळतो. मी त्याला ओळखतो, तो मला ओळखतो.

पण मी मुळात त्या जिन्यावर चढलो कसा, ते सांगायचं राहिलं.

रुमालाच्या त्या सकाळनंतर आठ-दहा दिवसांनी आबा म्हणाले, "उद्या तुझी पहिली पाळी ना? संध्याकाळी मला जरा डॉक्टरकडे घेऊन चल."

"काय होतंय?"

"ते डॉक्टरला सांगेन की. तुला कशाला माथाकूट?"

आबा आपणहून डॉक्टरकडे जाणाऱ्यांतले नव्हते. दाढ काढतानासुद्धा इंजेक्शन नको म्हणाले होते. दुसऱ्या दिवशीची पूर्ण पाळी मी त्यांचं हृदय, त्यांची प्रोस्टेट, त्यांचे गुडघे असं एकेक मनात घेत घालवली. गेल्या काही दिवसांत ते थकलेले दिसत होते. दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा, तालमीतही खाडा व्हायला लागला होता. मी स्वतःच्या श्वासात इतका गुंतलो होतो की विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी त्यांना स्कूटरवर मागे घेऊन निघालो. सयाजीगंजात एका इमारतीपाशी त्यांनी खांद्यावर थाप मारली. "इथे." मी वर बघितलं. तोच जिना, तीच पाटी. मागे आमच्या कंपनीचा थांबा.

"आबा, इथे कशाला?"

"माझा नंबर आहे." त्यांनी खिशातून घडी घातलेला केस पेपर काढून दाखवला. त्यावर आबांचं नाव, वय अडुसष्ट. "मागच्या मंगळवारी येऊन गेलोय."

म्हणजे आबांनाही? मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं. ते कठडा धरून चढायला लागले होते. आजारी बापाला एकट्याला जिना चढू द्यायचा नसतो, मग मागे कंपनीची बस उभी असो नाही तर अख्खी कंपनी. मी चढलो.

आत बाकावर दहाबारा माणसं होती. एक चाळिशीचा माणूस चटकन उठला आणि वाकून आबांच्या पाया पडला. त्यांचा जुना विद्यार्थी. "सर! तमे अहीं?"

आबांना आवाज एकच, मैदानावरचा. ते गुजरातीत म्हणाले, "हा. राते ऊंघ नथी आवती. बीक लागे छे." रात्री झोप येत नाही, भीती वाटते. सगळा बाक वळून बघू लागला. ज्या माणसाने आयुष्यभर बडोद्यातल्या पोरांना 'छाती पुढे' म्हणून सांगितलं, तो ताठ उभा राहून हे सांगत होता. विद्यार्थी हळूच म्हणाला, "थाय, सर. मने पण थाय छे." आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.

नाव पुकारलं तेव्हा आबा उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं. आत नेऊन त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले.

डॉक्टरबाई गुजराती, पण मराठी शेजारात वाढलेल्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "हे ना? काका मंगळवारी आले, बोलले, रात्री क्लोरीनचा वास येते. मी विचारलं, काका, कंपनीत होते? बोलले, ना, शाळेत ड्रिल शिकवत होतो. मी विचारलं, बरं, मग क्लोरीनचा वास कसा असते? तर बोलले, ते मुलाला विचारून सांगतो." त्यांनी चष्मा सावरला. "मी बोलली, तर पछी मुलालाच घेऊन या ने."

मी आबांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"तू आला नसतास," ते कॅलेंडरकडे बघतच म्हणाले. "तुझी कंपनी समोर उभी राहते. म्हटलं, नाव माझं लिहू दे. मी रिटायर माणूस, मला कोण काढणार आहे?"

"रात्री काय होते, सांगा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि घसा आवळला. दिवसाउजेडी, सयाजीगंजात, ट्यूबलाइटखाली.

"मी सांगतो," आबा म्हणाले. "आधी पलंग वाजतो. मग याचा श्वास, शिट्टी वाजल्यासारखा. मग सूनबाई आकडे म्हणायला लागते आणि हा तिच्या मागून म्हणतो. कधी ऐंशीला थांबतो. कधी दोनशेपर्यंत जातो. शुक्रवारी तीनशे दहा झाले होते."

हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्या खोलीचं दार बंद असायचं. माझा श्वास ताळ्यावर यावा म्हणून आम्ही आकडे म्हणायचो, तेही कुजबुजत, कुणी जागं होऊ नये म्हणून.

"तुम्ही जागे असता, काका?"

"दाराबाहेर बसतो. पोराच्या खोलीत कसं शिरायचं? आकडे थांबले की जाऊन झोपतो." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मी याला बैठका काढायला लावल्या. मला दुसरं काही येतच नाही."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. डॉक्टरबाईंनी समोरचा केस पेपर बाजूला केला. "हा तर काकांचा. याला कॅन्सल करते, तुमचा नवा काढते."

"माझा राहू द्या," आबा म्हणाले. "त्यात खोटं काही लिहिलेलं नाही. वास येत नाही मला, एवढंच. बाकी झोप लागत नाही, ते खरं आहे. भीती वाटते, तेही खरं आहे. एखाद्या रात्री आकडे थांबलेच नाहीत तर?"

डॉक्टरबाईंनी त्यांचा पेपर परत समोर ओढला, त्याच्याशेजारी एक कोरा ठेवला आणि पेन उघडून मला विचारलं, "पूर्ण नाव?"

आमच्याकडे पूर्ण नाव म्हणजे आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी तिन्ही सांगितली, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.